तिसऱ्या कडव्यातली चूक

रावपुऱ्यात, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आज दिगू फणसे गाणार. एकटाच.
तिकीट दीडशे. खुर्च्या साठ, भरलेल्या एकेचाळीस.
मोजल्या मी. बँकेतली सवय, दुसरं काय.
दारावरच्या कागदावर त्याच्या नावापुढे
अजून कंसात 'मगरमिठी' लिहितात.
पंचेचाळीस वर्षं झाली, तो कंस काही सुटत नाही.

मगरमिठी म्हणजे आम्ही चौघे.
दिगू, ड्रमवर नोशीर, अकॉर्डियन किरीट पंड्याचं,
आणि जाड तारांची गिटार माझी, म्हणून मी जाड्या.
वजन तेव्हा बावन्न किलो.
नाव किरीटनं ठेवलं, विश्वामित्रीच्या पुलावर.
खाली चिखलात एक खरीखुरी मगर पडली होती,
आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

मग एक तबकडी निघाली. 'सायकलला दिवा नाही.'
दोन वर्षं पोलो ग्राउंडपासून पार सुरतेपर्यंत
लोक तेच मागत राहिले,
पानाच्या गादीवर, लग्नात,
एकदा तर कुणाच्या बाराव्याला.

त्या तबकडीत तिसऱ्या कडव्यात मी चुकलोय.
पंचमावर जायचं, तर बोट घसरून
खाली तीव्र मध्यमावरच राहिलं.
टेप संपत आलेली, गाडी सातची.
'राहू दे रे,' दिगू म्हणाला, 'कुणाला कळतंय.'
मला कळत होतं.
रेडिओवर ती जागा आली की मी मोठ्यानं खोकायचो.
आमच्या घरी अजून समजतात, मला गाणं लागलं की ठसका लागतो.

किरीट लेस्टरला दुकान घालायला गेला.
नोशीर गेला तो गेलाच.
मी परीक्षेला बसलो, पास झालो, कॅशियर झालो.
दिगूनं कुणालाच अडवलं नाही.
तो गात राहिला.
लिहायला सोपं वाक्य आहे हे.
सकाळी शाळेत संगीत, नवरात्रात नऊ रात्री
दुसऱ्याच्या गरब्यात मागे उभं राहून गिटार,
आणि उरलेल्या वर्षात स्वतःची गाणी:
कारखान्याच्या भोंग्यावर एक,
डायलिसिसच्या खोलीतल्या घड्याळावर एक, ते तो फार कमी म्हणतो.

आज त्यानं पुराचं गाणं म्हटलं.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलेली मगर,
आणि तिला पकडायला आलेला पोरगा
तिला 'बेन, जरा खसो ने' म्हणतोय.
लोक हसले. मग कोपऱ्यातून, ठरल्यासारखं,
'सायकल! सायकल!'

पूर्वी चिडायचा. एकदा मधेच उठून गेला होता,
मागे गिटार तशीच वाजत राहिली, स्पीकरला टेकलेली.
आज त्यानं चष्मा पुसला.
गुडघा धरून स्टूल पुढे ओढलं,
आणि गाणं निम्म्या लयीत धरलं,
सायकलवर न बसता, हातात धरून चालत न्यावी तसं.

तिसरं कडवं आलं. मी खोकायला तोंड उघडलं
आणि त्यानं आवाज नेमका तिथं नेला
जिथं माझं बोट घसरलं होतं.
मुद्दाम. तिथंच उभा राहिला,
फाटकाशी येऊन आत न जाणाऱ्या माणसासारखा.
पंचमाला गेलाच नाही.
शेजारची मुलगी, असेल विशीची, ओठातल्या ओठात गात होती.
तिलाही तशीच पाठ.
तोंड उघडं राहिलं माझं. खोकला आला नाही.

खाली सेव-उसळीच्या गाडीवर विचारलं,
'कधीपासून असं गातोस ते?'
'कसं?' म्हणाला. 'चाल तशीच तर आहे.'
मग गाडीवाल्याला, तिखट कमी टाक रे, डॉक्टर ओरडतो.
आणि झोळीतून उरलेल्या सीड्या काढून
माझ्या हातात दिल्या. 'मोज, जाड्या.'

अकरा.
बारावी माझ्या पिशवीत होती, पैसे दिलेली.